जवाईबापूंचा नकाशा

“आन् यात खिडकी कुठी हाय?” वैनीनं विचारलं.

निशिकांतनं आमरसाची वाटी बाजूला सारली, ओठ रुमालानं टिपले आणि हसला. शहाणा माणूस अडाण्याकडे बघून हसतो ना, तस्संच. समोर टेबलावर त्याचा नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, तांब्या, अडकित्ता आणि दादाचा चष्मा ठेवलेला, नाही तर तो नकाशा गुंडाळून बसायचा.

“आई, खिडकी कशाला? ही अख्खी भिंतच काचेची आहे. पश्चिमेला. संध्याकाळी सोफ्यावर बसायचं आणि सूर्यास्त बघायचा.”

ऐका! अकोल्यात, वैशाखात, पश्चिमेला काच! अहो, आमच्याकडे सूर्य कधी एकदा मावळतो म्हणून माणसं दारं लोटून, ओले पडदे टाकून बसतात. आणि हा आम्हाला सोफ्यावर बसवून तो दाखवणार होता.

“उघडते का थे काच?” वैनीनं पुन्हा विचारलं.

“फिक्स आहे. धूळ नाही, डास नाही. आत एसी. सिंगापूरला सगळं असंच असतं.”

हा निशिकांत ठोसर म्हणजे माझ्या भाचीचा, उज्ज्वलाचा नवरा. मुंबईत आर्किटेक्ट. लग्नाआधी दोन वर्षं सिंगापूरला होता, आणि ते सिंगापूर काही त्याच्या तोंडातून उतरत नव्हतं. माझा भाऊ पुंडलिक गावंडे, ज्याला सारे दादा म्हणतात, तो नुकताच रिटायर झाला होता. गावाबाहेरच्या लेआऊटमध्ये त्यानं प्लॉट घेतला होता आणि जावई हौसेनं म्हणाला, “नकाशा मी काढून देतो.” झालं. जावई बोलला म्हणजे ब्रह्मदेव बोलला.

वैनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, हातातलं पोळ्यांचं ताट खाली ठेवलं. तिला तसं बोलायची सवय नव्हती. गोकर्णा तिचं नाव, पण त्या घरात ते नाव कोणी कधी घेतल्याचं मला आठवत नाही. ती हळूच म्हणाली, “जवाईबापू, मले दमा हाय. कोंडलं की माह्या छातीत कुलूप लागते. मले समोरासमोर दोन खिडक्या द्या, आन् वर छताजवळ गरम हवेले बाहेर जायले एक झरोका. बाकीचं घर तुमच्या मनासारखं करा. मी काई म्हणत नाई.”

एवढंच मागितलं तिनं. आयुष्यात पहिल्यांदा मागितलं.

“झरोका म्हणजे व्हेंटिलेटर?” निशिकांत म्हणाला. “आई, ते आता आउटडेटेड झालं. त्यानं एलिव्हेशनची, घराच्या दर्शनी रूपाची, वाट लागते. आणि दम्याला तर एसीच चांगला. फिल्टर असतो ना.”

आता बोल ना रे दादा, असं मी मनात म्हणाले. कारण बोलायचा अधिकार असलेला माणूस त्या टेबलाशी एकच होता. तीस-बत्तीस वर्षं दादानं सरकारी बांधकामावर ओव्हरसिअर म्हणून काढली होती. तालुक्यातल्या कितीतरी शाळा त्याच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या. गरम हवा वर जाते, तिला वरून वाट द्या, गार हवा खालून आपसूक येते, हे पुराण आम्ही त्याच्या तोंडून जेवताना, लग्नात, एकदा तर सुतकातसुद्धा ऐकलं होतं. एका ठेकेदारानं शाळेचे झरोके हातभर खाली बसवले, तर ह्यानं भिंत पाडायला लावली होती. ठेकेदार त्याला टरकत असत. आणि तोच माझा वाघ चष्मा नसलेले डोळे नकाशाच्या जवळ नेऊन म्हणाला, “वा! वा! काय डिझाईन हाय, जवाईबापू! आमच्या टाळक्यात असं कधी आलंच नाई.”

मग वैनीकडे वळून, “अवं, तू पोळ्या आण. त्यायले गरम पोळी लागते.”

वैनी पोळ्या आणायला गेली.

मी विधवा बाई. शाळामास्तरीण होते, माझ्या पेन्शनीवर भावाच्या शेजारी खोली घेऊन राहत होते. जीभ माझी पहिल्यापासून तिखट, त्यामुळे मला कोणी मुद्द्याचं विचारत नसे आणि मी विचारल्याशिवाय सांगत असे. दुपारी निशिकांत लोळला तेव्हा मी दादाला अंगणात गाठलं.

“दादा, जीभ कुठी गहाण ठेवली तू?”

“हळू बोल, इंदे. थे झोपले हायत.”

“झोपू दे. त्या घरात तुही बायको गुदमरून मरन. तुले समजत नाई का?”

“मले सगळं समजते,” तो म्हणाला. “पण उज्जूले तिथं नांदायचं हाय. जवाईबापूच्या कामात खोट काढली, आन् त्यानं तिकडं जाऊन पोरीवर राग काढला त? एसी हाय ना. काई होत नाई.”

“आन् लाईट गेली म्हणजे?”

त्या काळी अकोल्यात भारनियमन होतं. लाईट कधी जाते याचं वेळापत्रक शेंबड्या पोराला पाठ होतं. फक्त आमच्या ओव्हरसिअरसाहेबांना ते अचानक विसरायला झालं.

उज्ज्वलाला विचारलं, तर तिचं तिसरंच. “आत्या, बाबांनाच प्लॅन इतका आवडलाय. ते स्वतः यातले जाणकार. मग मी मध्ये कशाला बोलू?” म्हणजे बाप मुलीसाठी गप्प, मुलगी बापासाठी गप्प, आणि मधल्या मध्ये वैनीचा श्वास. असे एकमेकांवर जीव टाकणारे लोक मी खूप पाहिले आहेत. ह्यांच्या प्रेमात तिसऱ्याचाच जीव जातो.

वर्षभरात घर उभं राहिलं. अजीज मिस्त्रीनं बांधलं. तो दादाच्या जुन्या कामांवरचा माणूस. गप्प राहून विटा लावायचा आणि अधूनमधून दादाकडे बघायचा. घर बघायला सगळं गोत लोटलं. समोर ती भली थोरली काच, तिच्यातच बसवलेलं काचेचं दार. मागं दारच नाही. “मागचं दार चोरांसाठी असतं,” असं निशिकांतनं सांगितलं होतं, आणि आमच्या गोतातल्या एकाही शहाण्याला प्रश्न पडला नाही की ह्याच्या मुंबईच्या चोरांना पुढच्या काचेवर दगड मारता येत नाही का. सगळे आपले माना डोलवत होते. “असं घर आपल्या लेआऊटमध्ये नाई, बाप्पा!” “विमानतळासारखं वाटते!” त्यातल्या कितीजणांनी विमानतळ पाहिला होता, ते मला ठाऊक होतं. एक चुलतभाऊ तर काचेला हात लावून म्हणाला, “थंड वाटून राहिलं.” बाहेर अंड्याचं आम्लेट होईल असं ऊन होतं!

वास्तुशांतीचा मुहूर्त वैशाखातलाच निघाला. सकाळची वेळ. हॉलच्या मागच्या अंगाला, देवघराच्या भिंतीशी होमकुंड मांडलं. आग्नेयेच्या कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायची म्हणून दोन फरश्या बसवायच्या राहू दिल्या होत्या, तिथं खड्डा खणून अजीज मिस्त्रीनं पहार भिंतीला टेकवून ठेवली होती. चपला बाहेर मांडवात. आत शंभरेक माणसं अनवाणी, रेशमी साड्या, नवे धोतर-सदरे. एसी चालू होता तोवर सारे म्हणत होते, “हिलस्टेशन झालं बाप्पा!” आणि निशिकांत पाहुण्यांच्या खुर्चीवर पायावर पाय टाकून तो मान अंगावर घेत होता.

महाराजांनी समिधा रचल्या, मान वर केली, चारी भिंती पाहिल्या.

“धूर कुठून जाणार, पुंडलिकराव?”

“एसी आहे ना, महाराज,” निशिकांत खुर्चीतूनच म्हणाला.

“एसी धूर खातो काय?”

दोन-चार जण हसले. दादानं घाईघाईनं हात जोडले. “सुरू करा, महाराज. मुहूर्त टळते.” महाराजांनीही मग खांदे उडवले आणि अग्नी पेटवला. त्यांना तरी काय, तासाभरानं आपल्या घरी जायचं होतं. वैनी दादाच्या शेजारी पाटावर बसली होती. हिरवा शालू, दादाच्या उपरण्याला तिच्या पदराची गाठ. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी तिच्या दम्याच्या पंपाची डबी कमरेला खोचली होती, तिच्यावर हात ठेवून दाखवला.

तुपाच्या आहुत्या पडायला लागल्या आणि लाईट गेली.

गेली म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे गेली. दादानं म्हणे, लाईट काढू नका म्हणून वीज मंडळात कोणाला तरी फोन करून ठेवला होता. असल्या फोनांवर हा माणूस बायकोचा जीव ठेवून बसला होता! एसीनं एक उसासा टाकला आणि बंद पडला. आधी घाम आला. मग धूर छतापर्यंत गेला, तिथं त्याला वाट मिळेना, म्हणून पसरत पसरत खाली उतरायला लागला. काचेतून बाहेरची झळ आत येतच होती. बायका पदर नाकाला लावू लागल्या. पोरं रडायला लागली. कोणी तरी दार उघडलं, पण तेवढ्यानं धूर हलेना. पण उठायचं कोणी? पूर्णाहुती व्हायची होती आणि जवाईबापू बसले होते. जवाईबापूंचेही डोळे गळत होते, पण त्यांनी पायावरचा पाय काही काढला नाही.

वैनीची छाती वाजायला लागली. तो आवाज मला ओळखीचा होता. मी वाकून तिच्याजवळ गेले, पंप दिला. तिनं ओढला. पण आत धूरच जाणार असेल तर पंपानं तरी काय करावं?

“वैनी, ऊठ. बाहेर चाल.”

तिनं मान हलवली. गाठीकडे बोट दाखवलं.

“थोडंच राहिलंय,” महाराज म्हणाले. “यजमानपत्नीनं मध्ये उठू नये.”

“दादा, अरे तिचे ओठ पाह्य! निळे झाले!”

दादानं पाहिलं. मी शपथेवर सांगते, त्यानं नीट पाहिलं. मग निशिकांतकडे पाहिलं. आणि बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “बस थोडी. होतेच आता. जवाईबापू बसले हायत.”

वैनी बसून राहिली आणि बसल्या बसल्या कलली. तिचं डोकं दादाच्या मांडीवर गेलं.

मग जे झालं ते कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. उज्ज्वला बायकांतून उठली. ती मुलगी लहानपणापासून मांजरासारखी. चालली तरी आवाज नाही. ती सरळ आग्नेय कोपऱ्यात गेली, पहार उचलली आणि त्या काचेवर घातली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ती सबंध भिंत खळ्ळकन खाली आली.

“उज्ज्वला! अगं, इंपोर्टेड आहे ती!” हे निशिकांतचे शब्द. सासू जमिनीवर पडलेली, आणि ह्याला काच दिसली.

पण उलटंच झालं. पश्चिमेचा वारा आत घुसला, त्यानं सगळा धूर मागं रेटला, थेट वैनी पडली होती तिथं. समोर दारापर्यंत काचांचा सडा. शंभर माणसं अनवाणी. मागं दार नाही. वैनीला उचलून न्यायचं तर कोणी कुठून न्यायचं? एक जण पुढं गेला, पाय रक्तबंबाळ करून परत आला. बाया किंचाळायला लागल्या. वैनीला श्वास घेता येत नव्हता.

“दादा!” मी ओरडले. “आरं, हवेले बाहेर जायले वाट पायजे! तू सांगत होता ना साऱ्या तालुक्याले! आता सांग, कुठी फोडायचं?”

दादा उभा राहिला. गाठीनं बांधलेला, त्यामुळे अर्धा वाकलेला. अजीज मिस्त्री कोपऱ्यात खाली मान घालून उभा होता. दादानं त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, “जवाईबापू, तुमची हरकत नसन त... मागच्या भिंतीले...”

परवानगी! बायको मरायला टेकली आणि हा परवानगी मागत होता! चपलेखालच्या गांडुळालाही पाठ असते हो, ह्याला तीही नव्हती.

“मागच्या भिंतीला?” निशिकांत सदऱ्यावरच्या काचा झटकत म्हणाला. “अहो, पण सगळं एलिव्हेशन...”

“बाबा,” उज्ज्वला म्हणाली. “त्यांच्याकडे काय बघता? माझ्याकडे बघा. कुठं?”

दादा तोंडातल्या तोंडात बोलला. “देवघराच्या वर. छताखाली. मधोमध. तिथं सिमेंट नाई. विटा कोरड्याच रचल्या हायत. वर वजन पेलायले लिंटल टाकून ठेवलं हाय. नुसतं प्लास्टर हाय थे.”

उज्ज्वला चौरंगावर चढली. पहारीचं टोक त्यानं सांगितलं तिथं लावलं आणि ढकललं. जोर लावायची गरजच पडली नाही. प्लास्टरचा पोपडा उडाला आणि विटा पलीकडच्या अंगाला धडाधड पडल्या. हातभर लांबरुंद आकाश दिसायला लागलं. आणि धूर, गुरं पाण्याकडे वळावीत तसा, सगळाच्या सगळा तिकडे वळला. समोरून वारा येत होता, वरून धूर जात होता. गालावर झुळूक लागली. इतकं सोपं होतं ते.

वैनीनं पहिला श्वास घेतला तेव्हा तो सगळ्या घरानं ऐकला. मग दुसरा. मी पंप दिला, पाठ चोळली, उज्ज्वलानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. हळूहळू ओठांचा रंग परतला.

आणि आता आमच्या गोताचा मोठेपणा ऐका. माणसं वाचली तशी वाचाही फुटली. “वा, पुंडलिकराव! काय दूरदृष्टी!” “ओव्हरसिअर तो ओव्हरसिअरच, बाप्पा!” “आधीच ठेवून दिलं होतं म्हणते, पाहा!” दादाच्या पाठीवर थापा पडायला लागल्या. आणि तो फुलला की हो! घाम पुसत, हसत सांगायला लागला, “मी पाया भरला तवाच अजीजले सांगून ठेवलं होतं. झरोका ठेव म्हटलं, फक्त झाकून टाक. जवाईबापू मुंबईले गेले की मंग आठ-पंधरा दिवसांनी हळूच उघडू म्हटलं. त्यायचंही मन राह्यते, आपलंही काम होते.”

वैनीनं डोळे उघडले होते. ती ऐकत होती. उज्ज्वलाच्या हाताला धरून ती उठून बसली. आवाज तिचा फाटलेला होता, पण त्या हॉलमध्ये शेवटच्या माणसापर्यंत पोचला.

“म्हणजे तुमाले मालूम होतं.”

“हाव ना,” दादा खुशीत म्हणाला. “म्हणूनच त वाचली तू.”

“मी तुमच्या बाजूले बसून होती. माहा जीव जाऊन राहिला होता. आन् तुमच्या डोक्यावर थे भोक होतं. तुमाले मालूम होतं.”

दादाचं हसू तिथंच गोठलं. पाठीवरचे हात एकेक करून खाली आले. महाराज घसा खाकरून म्हणाले, “वहिनी, पूर्णाहुती तेवढी राहिली आहे.” वैनीनं पदर पुढं ओढला, उपरण्याची गाठ दोन्ही हातांनी सोडली आणि उज्ज्वलाच्या खांद्यावर हात टाकून आतल्या खोलीत गेली. पूर्णाहुती दादानं एकट्यानं दिली.

दादाला ज्याची धास्ती होती ते काही झालं नाही, हेही सांगून टाकते. निशिकांत दोन दिवस तोंड फुगवून बसला आणि गेला. उज्ज्वला महिनाभर आईजवळ राहिली, मग आपल्या पायांनी परत गेली, आणि तिच्या मुंबईच्या घरात ती नंतर जे म्हणेल ते होऊ लागलं. पहार उचललेल्या बाईशी कोण भांडतं? पुढच्या दिवाळीत जवाईबापू आले तेव्हा फुटलेल्या काचेच्या जागी उघडणाऱ्या खिडक्या लागल्या होत्या, वर झरोक्याला जाळी बसली होती. तो बेशरम त्याच झुळुकीत खुर्ची टाकून बसला आणि आल्यागेल्याला सांगत होता, “क्रॉस व्हेंटिलेशन. प्लॅनमध्येच घेतलं होतं.” दादा शेजारी मान डोलवत होता!

वैनी त्या घरात चांगली जगली. पंप क्वचितच लागायचा. दादाला वेळेवर चहा, वेळेवर जेवण, आजारपणात काढा, सगळं करायची. भांडली नाही, रुसली नाही. मला वाटलं, विसरली बिचारी. बायका विसरतात, असं आपल्याकडे समजतातच.

मग त्यापुढच्या श्रावणात दादानं सत्यनारायण घातला. चौरंग मांडला, केळीचे खुंट बांधले, शेजारपाजार जमला. दादा सोवळं नेसून पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा.

“वहिनींना बोलवा,” महाराज म्हणाले. “गाठ बांधायची आहे.”

मी आत गेले. वैनी पलंगावर खिडकीशी बसून वाती वळत होती. हवा छान येत होती, तिचे पांढरे केस हलत होते. म्हटलं, “वैनी, चाल. महाराज थांबले हायत.”

“मी नाई बसत,” ती म्हणाली.

“अवं, मग दादा कसा बसन पूजेले? बायकोबिगर?”

पुरुषाला बायकोशिवाय पूजेला बसायचं असेल तर काय करतात, ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. ज्याची बायको मेलेली असते, तो तसं करतो. वैनीनं शेजारचा पानाचा डबा उघडला, त्यातून एक सुपारी काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा वाती वळायला लागली.

“थे त्यायच्या कमरेले खोचून द्या,” ती म्हणाली.